फीडरची मालकी कोणाची? हमिंगबर्डच्या हद्दराखणीचा आढावा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन दिएगोपासून थेट कॅनडातल्या व्हँकुव्हरपर्यंत, घरामागच्या बागेत साखरपाण्याचा लाल फीडर टांगलेला दिसतो. त्या फीडरवर मालकी सांगणारा एखादा अ‍ॅना हमिंगबर्डही जवळच असतो. जेमतेम चार-साडेचार ग्रॅमचा हा पक्षी आसपासच्या झुडपाच्या उघड्या शेंड्यावर बसतो, खरखरीत बारीक आवाजात तासन् तास काहीतरी म्हणत राहतो आणि दुसरा हमिंगबर्ड दिसला की त्याच्या अंगावर झेपावून त्याला कुंपणापलीकडे घालवून देतो. बे एरियातल्या किंवा सिएटलकडच्या मराठी घरांच्या परसातही हे रोज चालते. फीडरमध्ये अर्धा लिटर साखरपाणी असले, तर एकट्या पक्ष्याकडून ते महिन्याभरातही संपायचे नाही. तरीही तो दुसऱ्याला घोटभर पिऊ देत नाही.

बागेतून पाहणारी माणसे त्याला दांडगा म्हणतात आणि त्याच्या स्वभावाला दोष देतात. पक्षीशास्त्रात मात्र याच वागण्यावर गेली आठ दशके गंभीर काम झाले आहे. एक पक्षी अन्नाची जागा राखतो आणि दुसरा राखत नाही, असे का? राखण परवडते केव्हा, आणि मुळात ती अन्नासाठी असते की जोडीदारासाठी? या प्रश्नांची काही उत्तरे आता पक्की झाली आहेत, काही मोडीत निघाली आहेत. काही मात्र नेमकी फीडरपाशी येऊन अडली आहेत.

पार्श्वभूमी

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आढळतात. आपल्याकडे जास्वंदीवर येणारा चिमुकला, चकाकता पक्षी म्हणजे शिंजीर. तो वेगळ्या कुळातला. फुलातला मध पिण्याची त्याची राहणी हमिंगबर्डसारखी आहे, पण ती स्वतंत्रपणे घडलेली. तरीही या विषयाच्या इतिहासात शिंजीर कुळाला मोठे स्थान आहे, ते कसे हे पुढे येईल.

कॅलिफोर्नियात फ्रँक पिटेल्का यांनी 1942 साली उत्तर अमेरिकेतल्या हमिंगबर्डच्या हद्दींवर सविस्तर लेख लिहिला. तोवर पक्ष्याची हद्द म्हणजे घरटे, जोडीदार आणि पिल्ले यांचा परिसर, अशीच समजूत होती. हमिंगबर्ड त्या व्याख्येत नीट बसत नव्हते. नर घरट्याकडे फिरकतही नाही. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्ले भरवणे हे सारे मादी एकटी करते. शिवाय विणीचा हंगाम संपल्यावर, स्थलांतराच्या वाटेवर चार दिवसांच्या मुक्कामातही हे पक्षी फुलांचा ताटवा राखताना दिसत. ती हद्द निव्वळ अन्नाची होती.

त्याला तात्त्विक चौकट मिळाली 1964 मध्ये. जेराम ब्राउन यांचे म्हणणे थोडक्यात असे: राखणीला खर्च असतो आणि राखणीतून मिळकतही होते. मिळकत खर्चाहून जास्त असेल, तिथेच राखण टिकेल. अन्न फार विरळ असेल तर राखणे परवडत नाही. ते सगळीकडे भरपूर असेल, किंवा घुसखोरांची इतकी झुंबड असेल की हाकलण्यातच दिवस जाईल, तरीही परवडत नाही. हद्द निर्माण होते ती या दोन टोकांच्या मध्ये.

हिशेब मांडणारे

हे तत्त्व प्रत्यक्ष मोजून दाखवण्याचे श्रेय फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांना जाते, आणि त्यांचा पक्षी हमिंगबर्ड नव्हता. केनियात त्यांनी सोनेरी पंखांच्या एका शिंजिराचा अभ्यास केला. तो ज्या झुडपाची राखण करत होता, ते झुडूप महाराष्ट्रात माळरानावर आणि रस्त्याकडेला उगवणारी आपली दीपमाळ. 1975 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब आजही पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. फुलात एक मायक्रोलिटर मध असेल तर पक्ष्याला दिवसाची गरज भागवायला आठ तास फुले धुंडाळावी लागतात. दोन मायक्रोलिटर असेल तर चार तास पुरतात. राखलेल्या फुलांत मध साचून राहतो, म्हणून मालकाचे तास वाचतात. हे वाचलेले तास तो बसून काढतो. बसण्याचा खर्च तासाला सुमारे 400 कॅलरी, फुले धुंडाळण्याचा 1000, आणि पाठलागाचा 3000. पाठलाग महागडा खरा, पण दिवसाकाठी तो थोडाच वेळ करावा लागतो. एकूण जमाखर्चात मालक फायद्यात राहतो. मात्र फुलांत आधीच भरपूर मध असेल तर वाचणारा वेळ नगण्य ठरतो आणि राखण तोट्यात जाते. ही दुसरी बाजू ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फीडरचे कोडे तिच्यातूनच सुरू होते.

हमिंगबर्डवरचा सर्वांत सुंदर पुरावा लिन कार्पेंटर, डेव्हिड पेटन आणि मार्क हिक्सन यांनी 1983 मध्ये दिला. पक्षी होता रूफस हमिंगबर्ड. साडेतीन ग्रॅमच्या आसपासचा हा तांबूस पक्षी अलास्का ते मेक्सिको असा प्रवास करतो आणि वाटेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या फुलांवर थांबून चरबी साठवतो. पक्षी ज्या काटकीवर बसे तिच्या जागी या संशोधकांनी तराजूवर बसवलेली काटकी ठेवली, त्यामुळे पक्ष्याला न पकडता त्याचे वजन दिवसभर नोंदता आले. दिसले ते असे: पक्षी रोज हद्दीचा आकार कमी-जास्त करत होता आणि ज्या आकारात वजन सर्वांत भराभर वाढेल, त्याकडे सरकत होता. हद्द फार लहान असेल तर मध अपुरा पडतो आणि फार मोठी असेल तर राखण्यातच दमछाक होते. पक्षी मधला आकार अनुभवातून शोधत होता. त्याआधी 1976 साली ली गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की रूफसच्या हद्दींच्या क्षेत्रफळात प्रचंड तफावत असते, पण त्यांतल्या फुलांच्या संख्येत त्या मानाने फारच कमी. म्हणजे पक्षी राखतो तो मध. जमिनीशी त्याला देणेघेणे नाही.

याच मालिकेतले आणखी एक निरीक्षण बागेत बसून पाहणाऱ्यांना उपयोगी पडावे. पेटन आणि कार्पेंटर यांनी 1984 मध्ये नोंदवले की मालक पहाटे हद्दीच्या कडेची फुले आधी रिकामी करतो आणि मधली फुले नंतरसाठी ठेवतो. घुसखोर कडेनेच शिरतो. त्याला तिथे काही मिळाले नाही की तो आपणहून निघून जातो. राखणीचा हा मार्ग पाठलागापेक्षा कितीतरी स्वस्त. पण फीडरला कड नसते. मध तिथे एकाच बिंदूत असतो आणि मालकाला हा उपाय वापरताच येत नाही.

अंगबळ आणि उड्डाण

हिशेबाची बाजू पक्की झाली तरी एक प्रश्न उरतो. एकाच बागेत एक पक्षी मालक आणि दुसरा चोर का होतो? पीटर फाइनसिंगर आणि रॉबर्ट कोलवेल यांनी 1978 मध्ये हमिंगबर्डच्या भूमिकांची एक मांडणी केली. काही जाती फुलांचा दाट ताटवा राखतात. काही लांबलांबच्या फुलांची ठरलेली फेरी मारतात. काही दुसऱ्याच्या हद्दीत गुपचूप शिरून पितात. त्यांत एक तर इतके मोठे, की मालकाला न जुमानणारे, किंवा इतके लहान, की मालकाने पाठलागाचे कष्ट घेऊ नयेत असे.

त्या काळी या भूमिकांचे मूळ पंखांच्या रचनेत शोधले गेले. पंख लहान आणि अंग जड असेल तर घिरट्या महाग पडतात, पण चपळाई येते, म्हणून असे पक्षी मालक होतात, असे ते अनुमान होते. ते दोन-अडीच दशके टिकले. डग्लस आल्टशुलर, गॅरी स्टाइल्स आणि रॉबर्ट डडली यांनी 2004 मध्ये ते बारकाईने तपासले. ज्या मापावर हे सारे उभे होते, ते माप घिरट्यांचा खर्च सांगायला विश्वासार्ह नाही, आणि हमिंगबर्डच्या वागण्याची विभागणी त्याने होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आल्टशुलर यांच्या पुढच्या कामात क्षणभर जोर लावून उसळण्याची ताकद वर्चस्वाशी अधिक जुळली. विरळ हवेत ही ताकद घटते, त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी आणि माथ्याशी जातींमधली चढाओढ सारखी नसते. माझ्या मते या क्षेत्राने आपली चूक दुरुस्त केल्याचे हे चांगले उदाहरण आहे. मात्र जुने अनुमान लोकप्रिय पुस्तकांतून अजून पुसले गेलेले नाही.

शरीराच्या आकाराबद्दलही सावध राहावे लागते. फीडरवरच्या चढाओढीचे सर्वांत मोठे चित्र घरोघरच्या निरीक्षकांनीच उभे केले. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा यांच्या प्रोजेक्ट फीडरवॉचमध्ये लोकांनी कोणी कोणाला हुसकावले याच्या हजारो नोंदी पाठवल्या. त्यांवरून 2017 मध्ये एलियट मिलर आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या फीडरवरच्या पक्ष्यांची वर्चस्वाची उतरंड मांडली. सर्वसाधारणपणे जड पक्षी वरचढ ठरतो, पण काही कुळे आपल्या वजनाच्या मानाने जास्त दबदबा ठेवतात. हमिंगबर्डपुरते बोलायचे तर हलका रूफस जड अ‍ॅनाला फीडरवरून पळवतो, हे पश्चिमेकडच्या बागांत वारंवार सांगितले जाते.

नराची हद्द, मादीची हद्द

तिसरे मत म्हणते, अन्नाचा हिशेब पुरेसा नाही. नराची हद्द विणीशीही जोडलेली आहे. अ‍ॅना हमिंगबर्डचा नर हिवाळ्यातच हद्द धरतो, उंच जाऊन सूर मारतो आणि तळाशी एक तीव्र चिर्रकन आवाज काढतो. क्रिस्टोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ यांनी 2008 मध्ये दाखवून दिले की हा आवाज गळ्यातून येत नाही, शेपटीच्या पिसांतून वाऱ्याच्या जोराने निघतो. हा सूर मादीसमोर मारला जातो, तसा घुसखोरासमोरही, आणि कधी बागेतल्या माणसासमोरही. कॅरिबियन बेटांवरच्या जांभळ्या गळ्याच्या कॅरिब हमिंगबर्डमध्ये तर नर हेलिकोनियाची फुले राखतो आणि आपल्या हद्दीत येणाऱ्या मादीला पिऊ देतो. अन्न आणि जोडीदार तिथे एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

चोच हे केवळ पिण्याचे साधन नाही, हेही आता मान्य झाले आहे. कोस्टा रिकातल्या लांब चोचीच्या हर्मिट हमिंगबर्डच्या प्रौढ नरांची चोच माद्यांपेक्षा टोकदार आणि भोसकण्यास अधिक योग्य असते, हे आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्सेलो आराया-सालास यांनी 2015 मध्ये दाखवले. ही जात फुले राखत नाही. तिचे नर एकत्र जमून माद्यांसाठी गातात आणि आपल्या बैठकीसाठी भांडतात.

माद्यांकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले. मादीही फुले आणि फीडर राखते, घरट्याजवळून इतरांना हाकलते. तरी बागेतल्या सगळ्या मारामाऱ्या नरांच्या नावावर जमा होतात, कारण लहान वयाचा नर आणि मादी लांबून सारखेच दिसतात. पनामातल्या पांढऱ्या मानेच्या जॅकोबिनवरच्या अभ्यासाने या दुर्लक्षाला जोरदार धक्का दिला. जे फॉक आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवले की त्या जातीतली साधारण दर पाचातली एक प्रौढ मादी नरासारखा भडक निळा-पांढरा पिसारा ठेवते. नर अशा माद्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. त्यांना फीडरवर कमी त्रास होतो आणि जास्त वेळ पिता येते. म्हणजे फीडरवरच्या दांडगाईचा दाब मादीच्या रूपापर्यंत पोहोचू शकतो. हा निष्कर्ष इतर जातींना कितपत लागू पडतो, हे खुले आहे.

फीडर हे फूल नव्हे

वरचे बहुतेक सिद्धांत फुलांवर उभे राहिले. फूल रिकामे होते, पुन्हा हळूहळू भरते, कोमेजते. फीडर यांतले काहीच करत नाही. ब्राउन आणि गिल-वुल्फ यांच्या तर्काने पाहिले तर न संपणाऱ्या अन्नाची राखण करण्यात फायदा नसावा. तरी ती दोन्ही अमेरिकांतल्या निरीक्षकांना दिसते, ती का?

एक उत्तर असे की पक्ष्याला फीडर संपणार नाही हे कळायला मार्गच नाही. लाखो वर्षे फुलांवर घडलेला त्याचा मेंदू भरपूर मधाची एकच जागा दिसली की राखायला लागतो. कॅनडातल्या रॉकी पर्वतांत रूफस नरांवर झालेल्या प्रयोगात पक्ष्याची फुलांबद्दलची स्मृती किती नेमकी आहे ते दिसले: आठ कृत्रिम फुलांपैकी काही दर 10 मिनिटांनी आणि काही दर 20 मिनिटांनी भरली जात, आणि नर प्रत्येक फुलाकडे जवळपास त्याच्या ठरलेल्या वेळेला परतत असे. इतकी तयारी असलेल्या पक्ष्याला सतत भरलेला फीडर विसंगत वाटावा, हे पटण्याजोगे आहे. पण सिद्ध नाही.

दुसरे उत्तर खर्चाकडे बोट दाखवते. 1986 मध्ये जेरेड डायमंड, विल्यम करासोव्ह आणि सहकाऱ्यांनी मांडले की हमिंगबर्ड दिवसातला सुमारे तीन चतुर्थांश वेळ बसून असतो, कारण प्यायलेला मध पचनासाठी पुढे सरकेपर्यंत त्याला पुन्हा पिता येत नाही. म्हणजे बसणे त्याला भागच आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसलेल्या राखणदारासारखा तो फीडरसमोर बसला, तर पहाऱ्याचा वेगळा खर्च जवळजवळ शून्य. खर्च फक्त पाठलागाचा. हिशेबवाल्यांच्या चौकटीतच फीडरचे कोडे बरेचसे सुटते, असे मला यातून वाटते, पण फीडरवर हे थेट मोजलेले काम मोजकेच आहे. पॉल इवॉल्ड यांनी 1970 आणि 80 च्या दशकांत अ‍ॅना हमिंगबर्डच्या फीडरमधला पुरवठा नियंत्रित करून दाखवले की मालक सगळ्या घुसखोरांशी एकाच तीव्रतेने वागत नाही. नुसती हाक, छोटी झेप आणि लांब पाठलाग यांचे प्रमाण पुरवठ्याबरोबर बदलते. अ‍ॅलेन कॅमफिल्ड यांनीही 2006 मध्ये नोंदवले की अन्नाचे मोल वाढले की राखण कडक होते.

फीडर लावणाऱ्यांना दिले जाणारे सल्लेही इथेच दुभंगतात. काही म्हणतात, फीडर एकमेकांच्या नजरेआड, घराच्या वेगवेगळ्या बाजूंना टांगा, म्हणजे एकाला सगळे राखता येणार नाहीत. काही नेमके उलटे सांगतात: चार-पाच फीडर जवळजवळ लावा, गर्दी इतकी होईल की मालक हार मानेल. ब्राउन यांच्या सिद्धांतात दोन्हींना जागा आहे. पहिला उपाय हद्दी वाढवतो, दुसरा राखणच परवडेनाशी करतो. कोणत्या बागेत कोणता चालतो, हे तिथे रोज येणाऱ्या पक्ष्यांच्या संख्येवर अवलंबून असावे, आणि घरच्या नोंदींतून हे तपासणे अगदी शक्य आहे.

बागेपलीकडचे परिणाम

फीडरने हमिंगबर्डचा भूगोल बदलला, याबद्दल आता फारसा वाद नाही. अ‍ॅना हमिंगबर्ड मूळचा दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाचा. निलगिरीसारखी बाहेरून आणलेली झाडे, बागांतली फुले आणि फीडर यांच्या आधाराने तो उत्तरेकडे पसरला. एम्मा ग्रेग आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये फीडरवॉचच्या नोंदींवरून हा विस्तार शहरीकरण आणि फीडर यांच्याशी जोडला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने संग्रहालयांतले जुने नमुने तपासून फीडरच्या प्रसारासोबत याच जातीच्या चोचीचा आकारही बदलल्याचे मांडले. या बदलात पिण्याच्या सोयीचा वाटा किती आणि भांडणाचा किती, हे अद्याप वेगळे काढता आलेले नाही.

फुलझाडांवरच्या परिणामाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मेक्सिको सिटीच्या परिसरात मारिया आरिस्मेंदी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पाहिले की फीडर लावल्यावर साल्वियाच्या एका जातीची बीजधारणा घटली, शेजारच्या दुसऱ्या जातीची मात्र घटली नाही. मालकाने फीडर राखला की हाकललेले पक्षी फुलांकडे वळतात का, हा दुवा या अभ्यासांत अजून नीट जोडलेला नाही. आरोग्याच्या बाजूने सल्ला सरळ आहे: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी, लाल रंग नाही, मधमाश्यांचा मध नाही, आणि उष्ण दिवसांत पाणी वारंवार बदलणे.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठी अडचण ओळखीची आहे. बागेत सकाळी दिसलेला मालक आणि संध्याकाळचा मालक एकच आहे, हे नजरेने सांगता येत नाही. स्थलांतराच्या दिवसांत तर एकामागून एक वेगळे पक्षी तीच फांदी धरत असतील. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे परवान्याशिवाय हमिंगबर्डला पकडता किंवा खूण करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून घरच्या नोंदींतून ‘दांडगा’ हा एकच पक्षी समजून काढलेले निष्कर्ष कच्चे राहतात.

यावर उपाय म्हणून चिपचा वापर सुरू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने, रुता बांदिवडेकर यांच्या 2018 च्या शोधनिबंधात, दोनशेहून अधिक अ‍ॅना आणि अ‍ॅलन हमिंगबर्डना त्वचेखाली बारीक चिप बसवून फीडरवरच्या अँटेनाने त्यांच्या भेटी नोंदवल्या. कोण केव्हा आले, किती वेळ प्याले, कोण कोणाच्या पाठोपाठ उतरले, याचे जाळे त्यातून उभे राहिले. गटाचा मुख्य उद्देश रोगप्रसार समजून घेण्याचा होता, पण हद्दीच्या अभ्यासालाही हीच रीत लागणार आहे. अँटेना मात्र फक्त आलेल्याची नोंद घेते. न पिता हाकलला गेलेला पक्षी तिच्या लेखी नसतोच. त्यासाठी अजूनही खिडकीशी बसलेले माणूस लागते: नर की मादी, पाठलाग चालू असताना तिसऱ्याने येऊन पिऊन घेतले का, मालक किती वेळ अनुपस्थित राहिला.

यातला निकडीचा प्रश्न उत्तरेतल्या हिवाळ्याचा आहे. सिएटल किंवा व्हँकुव्हरमध्ये जानेवारीत बागेत फुले विरळ असतात आणि गोठण्याच्या रात्री पक्षी आपले तापमान खाली आणून निश्चल अवस्थेत काढतो. अशा वेळी एकाच फीडरवरून वारंवार हाकलली जाणारी मादी संध्याकाळपर्यंत पुरेसे पिते का, शेजारच्या घरचा फीडर तिची तूट भरून काढतो का, आणि दोन फीडरमधले अंतर किती असले की तिचे निभावते? चिप आणि तराजूची काटकी, दोन्ही साधने हाताशी आहेत. एकाच गल्लीतल्या दहा-बारा घरांनी आपले फीडर एकत्र अभ्यासासाठी दिले, तर हे मोजता येईल.